आमच्या हेतलची रोटी बंद करणाऱ्या डॉक्टर ताई

मंडळी, नमस्कार. कैनाडहून, वरोरहून, तलासरीकडून, कुठून कुठून आलात तुम्ही. मागे उभे आहात ते पुढे या हो, सतरंजीवर जागा आहे. मी मंजुळा. अच्छाडला हायवेवर आमचा धाबा आहे. मला माइकवर बोलायची सवय नाही, ट्रकवाल्यांवर ओरडायची आहे. तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मृणालताई गेल्या. आपल्या मुलांच्या डॉक्टर गेल्या. परवापर्यंत हसत होत्या, आणि हृदयाने दगा दिला. मी रडणार नाही असं ठरवून आलेय. बघू किती वेळ टिकतं.

माझी हेतल तेव्हा चार वर्षांची. पालघर जिल्हा नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. पोट हे एवढं फुगलेलं आणि हातपाय काड्या. सारखे जुलाब. वजन वाढेचना. शेजारणी तोंडावर सांगायच्या, मंजुळा, ही पोर काही राहत नाही तुझी. आईला असं सांगतात का हो? पण सांगायच्या.

ताईंनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, सगळं करून झालं. मग एक दिवस त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मंजुळा, मला कळत नाहीये. आणि कळत नाही तोवर मला झोप येणार नाही." डॉक्टरच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी घाबरले. म्हटलं, आता आम्ही कुणाकडे जायचं? तर म्हणाल्या, "तू कुठे जाऊ नकोस. मी जाते. शिकून येते."

आणि खरंच गेल्या की! पन्नाशी उलटलेली बाई, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या पोटाचं, आतड्याचं खास शिक्षण घ्यायला. रविवारी इथला दवाखाना उघडायच्या, तेव्हा मी विचारायचे, कशी काय शाळा? "अगं, शिकवणारे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. काल मला ओरडले! मजा आली." काका, बायकोची शाळा आठवून तुम्ही हसताय, पण ताईंचा डबा तुम्हीच करून देत होतात, आम्हाला माहीत आहे.

पहिल्याच वर्षी त्यांनी हेतलला तिकडे बोलावलं. रक्त तपासलं, दुर्बीण घातली. मग मला समजावलं, आतड्याला आतून टॉवेलसारखी बारीक लव असते. हिची ती झडून गेलीय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. कारण काय? गहू! गहू हिच्या आतड्याला सोसत नाही. जन्मभर बंद.

आमचे हे जे भडकले! "माझ्या धाब्याची रोटी खाऊन माणसं दिल्ली गाठतात, आणि माझ्याच पोरीला ती चालत नाही?" ताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना दिल्ली गाठू दे. हिला आधी शाळा गाठू दे." लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी यांना गप्प केलं.

रोटी बंद केली. तांदळाची भाकरी, नागलीची भाकरी, मासे, भात. तरी पोर सुधरेना. जुलाब चालूच. मला वाटलं, संपलं सगळं.

शिक्षण संपवून ताई परत आल्या, आणि एका दुपारी थेट धाब्यावर. खाटेवर बसल्या. नुसत्या बसल्या. तेवढ्यात एक ओळखीचा ड्रायव्हर आला, हेतलच्या हातात बिस्किटचा पुडा. मग शेजारीण आली, बिस्किटचा पुडा. आपल्याकडे आजारी पोराला बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? सासूबाईंनी पुडा फोडला, चहात बुडवून पोरीला भरवायला लागल्या.

"आजी, हे काय?"

"बिस्किट. आजाऱ्याला हलकं असतं."

"आणि ते कशाचं असतं?"

सासूबाई म्हणाल्या, "दुकानातलं असतं."

ताईंनी कपाळावर हात मारला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की खाट करकरली. "एवढं शिकून आले मी, आणि बिस्किटं विचारायची राहिली!" रोटी म्हणजे गहू, हे आम्हाला कळत होतं. बिस्किटाला गहू कोण म्हणतं हो? तुम्ही म्हणाला असतात?

त्याच दिवशी हुकूम सुटला. बघायला येताना चिकू आणायचे, केळी आणायची. आणि लोकांनी आणली! इतके चिकू जमले की आमच्या शेळ्या बाळसं धरायला लागल्या. दोन-तीन महिन्यांत हेतलनेही धरलं.

मुंबईच्या हॉस्पिटलने ताईंना थांबा म्हटलं होतं. मोठं काम, मोठं नाव मिळालं असतं. मी विचारलं, का नाही थांबलात? म्हणाल्या, "तुझी पोर पडली अच्छाडला. मी तिथे काय करू?"

मंडळी, एवढंच सांगायला मी उभी राहिले. माझी मुलगी जगली. ती बघा, तिसऱ्या रांगेत, लाल फ्रॉक. ऊठ गं हेतल, दिसू दे सगळ्यांना. आणखी कुणाकुणाच्या पोरांच्या पोटावर ताईंचा हात फिरलाय? उठा. पोरांना घेऊन उठा... अगं बाई, किती हो!

आता दोन मिनिटं आपण मोठी माणसं गप्प उभी राहू. पोरं बोलली, हसली, तर त्यांना दटावू नका. ती आहेत, हे ताईंना ऐकू जाऊ दे.