उतारावरून परत फिरलेला मुलगा

मी, सगळे मला दादू ड्रायव्हर म्हणतात, वय ५२ वर्षे, धंदा लाकडाच्या ट्रकवर चालक, राहणार वखारीमागच्या खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो ते असे:

मी वरच्या जंगलातून ओंडके भरून खाली वखारीत आणतो. शेवटच्या नाक्यापुढे वस्ती नाही, भर थंडीत तिथे बर्फ पडतो. जंगलात आत वनखात्याची एक जुनी, रिकामी खोली आहे. तिथे एक तरुण मुलगा एकटाच राहतो, हे लाकूडतोड्यांकडून ऐकून होतो. ते त्याला 'पाहुणा' म्हणत. कशासाठी आला, कोणालाच ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना, दुपारी भरलेला ट्रक घेऊन उतरत असता सदर मुलाने हात केला म्हणून थांबलो. वय बावीस-तेवीस, अंगाने फार वाळलेला, पाठीवर पिशवी. तब्येतीचे विचारता "ठणठणीत आहे, मामा," म्हणाला. कुठे जायचे विचारता म्हणाला, "घरी." दारूचा वास नव्हता. घाबरलेला वाटला नाही.

माझा डबा त्याला दिला. त्याने तो पुसून काढला, मग ओशाळून म्हणाला, "तुम्हाला काहीच ठेवलं नाही की!" मी म्हणालो, "डबा तरी ठेवलास, उपकार झाले." त्यावर तो खूप हसला. मग बोलायला लागला तो थांबेना. छपराची गळती कशी बंद केली, कुठला पक्षी कधी ओरडतो, सगळे सांगितले. एकटा का राहतोस विचारले, की पुन्हा पक्ष्यांवर येई.

रेंज आल्यावर त्याने वडिलांचा नंबर सांगितला आणि मलाच बोलायला लावले. मी स्पीकरवर म्हणालो, "तुमचा मुलगा माझ्या गाडीत आहे, घेऊन येतोय." वडिलांनी पलीकडून विचारले, "जेवला का तो?" मी म्हणालो, "जेवला. माझ्या वाटचंही जेवला." ते म्हणाले, "त्याला सोडू नका. मी वखारीवर येतो." मुलगा ऐकत होता.

पुढे दोन-तीन वळणे गेल्यावर म्हणाला, "मामा, जरा थांबवा." लघवीला जायचे असेल असे वाटले. त्याने उतरून पिशवी पाठीला लावली. "मी जातो परत."

मी म्हणालो, "अरे, बाप निघाला असेल घरून. काय सांगू त्यांना?"

"सांगा, बरा आहे."

मी दंड धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला. झटापट झाली नाही. अंगावर पुरेसे कपडे नव्हते म्हणून सीटवरचे ब्लँकेट दिले, ते त्याने घेतले. भरलेली गाडी त्या उतारावर वळवता येत नाही. तो चढ चढून जाताना आरशात दिसत होता.

वडील वखारीच्या फाटकात उभे होते. ते शिंपीकाम करतात. मी निरोप सांगितला. पुढच्या खेपेला ते माझ्याबरोबर वर आले. एका लाकूडतोड्याने आम्हाला खोलीपर्यंत नेले. दाराला बाहेरून कडी होती, आत कोणी नव्हते. चूल कोमट होती. वडिलांनी अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. तो जवळपास होता की नाही, सांगता येत नाही.

आज दाखवलेले तपकिरी ब्लँकेट माझेच आहे. त्याचा मृतदेह सापडला तेव्हा ते खोलीत घडी घातलेले, न वापरलेले मिळाले, असे मला सांगण्यात आले. आम्ही जाऊन आल्यावरही तो दोन-तीन महिने जिवंत असावा, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. मग ब्लँकेट का वापरले नाही, रस्त्यावर पुन्हा का आला नाही, मला माहीत नाही. जाता-येता मी त्या वळणावर हॉर्न वाजवत असे. नंतर बर्फाने रस्ता बंद झाला.

काल ठाण्याबाहेर वडिलांनी मला विचारले, "फोनवर माझा आवाज रागावल्यासारखा लागला का हो?"

मी म्हणालो, "नाही. घाईचा लागला."

ते म्हणाले, "घाई होतीच."

आवाज खरोखरच रागाचा नव्हता. एवढे लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.