बिनसाखरेचा कोको

हसू नका, पण मी पनवेलजवळच्या एका डोंगरावर कोको प्यायला गेले होते. मैत्रिणीनेच ओढून नेलं, मन मोकळं करायच्या शिबिराला. दोन तास मौन पाळत सावकाश चालायचं, मग गोल बसून कडू, बिनदुधाचा कोको प्यायचा. शिबिराच्या ताई म्हणाल्या, "मनात साचलेलं वर येऊ द्या." माझ्या मनात फक्त साखर आली.

तेवढ्यात खालच्या गावातली एक आजी मोळी घेऊन आली. पंधरा माणसं माना खाली घालून गप्प, हातात काळा पेला. सुतकाच्या घरी कोरा चहा घेऊन बसतात, अगदी तसं. तिने मोळी उतरवली, माझ्या शेजारी टेकली आणि हळूच विचारलं, "कोन गेला, बाय?"

तिचा गैरसमज दूर करायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "आई. दिवाळीच्या आधी." तोवर हे मी कुणाशीच बोलले नव्हते. मग जी रडले!

ताईंनी आजीलाही पेला दिला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "साकर टाकाची इसरली वाटतं. व्हतं असं. दुखात सुचत नाय काय."

रडता रडता मला हसू फुटलं. पाहुण्यांच्या चहात साखर विसरणं ही तर आईची खासियत! पुढचा तासभर मी आजीला आईबद्दल सांगत होते, आणि आता ताईच बिचाऱ्या शाळेतल्या मुलीसारख्या ओठांवर बोट ठेवून, कान देऊन ऐकत होत्या.