कान्हूच्या फटफटीला सायलेन्सर

आणि वर मलाच विचारतो, "तुला आवाज कसला पाहिजे?"

अहो, सायलेन्सर घ्यायला आलोय ना मी? सायलेन्सर म्हणजे आवाज दाबायचं नळकांडं, एवढं शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतं! गोधडी घ्यायला गेलं तर कुणी विचारतं का, तुला थंडी कसली पाहिजे? पण हा हौशीराम मिस्त्री! लोणावळ्यात बाजाराच्या मागं ह्याचं गॅरेज, तोंडात पान, कानावर विडी, आणि माणसाला उभ्या उभ्या कोड्यात टाकायची सवय. म्हणलं, मिस्त्री, तू लाव काहीतरी आणि मोकळं कर मला. तर म्हणतो, "असं न्हाई गोविंदा. सायलेन्सर म्हंजे गाडीचा गळा. आवाज कसला पाहिजे ते सांग, मग गळा बसवतो."

आता गाडी माझी असती तर सांगितलं असतं. गाडी कान्हूदादाची. कान्हू माझा थोरला भाऊ. धरणाच्या कामावरच्या एका मुकादमाकडनं त्यानं ही घेतली होती. लढाईच्या वेळची, पलटणीतली, लोखंड असं की धडकली तर भिंतीनं माफी मागावी. औंढे गावाच्या वर आमची वाडी. तिथनं खाली लोणावळ्यापर्यंत रस्ता म्हणजे मुरूम, दगड आणि मधी ओढा. त्या ओढ्यातल्या एका दगडानं पहिल्याच वर्षी सायलेन्सर उपटून घेतला. मी म्हणलं, दादा, आता? तर हसला. "बरं झालं, वजन कमी झालं!" आणि तशीच पळवली. दोन्ही अंगाला दुधाचे कॅन, मधी कान्हू, आणि आवाज... काय सांगू तुम्हाला, डोंगराच्या त्या अंगाला भात लावणारी बाई कंबर सरळ करून म्हणायची, "कान्हू निघाला."

आणि तोच तर सगळा घोटाळा झाला ना! आमच्या वाटेला घड्याळ कुणाकडं आहे? कान्हूची फटफटी हेच घड्याळ. वरच्या खिंडीत आवाज झाला की खालच्या बाया म्हशीखालनं उठायच्या, दूध गाळायच्या, आणि गाडी वळणावर येईस्तोवर चरवी घेऊन हजर. कुणी कुणाला हाक मारायची नाही, थांबायचं नाही. चार वर्षं सगळं त्या आवाजावर चाललं. आणि मग भात झोडायच्या दिवसात दादाला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, आणि बैलासारखा माणूस बघता बघता हळदीसारखा...

जाऊ द्या. सायलेन्सरचं सांगत होतो.

दूध तर कुणीतरी न्यायलाच पाहिजे. गाडीवर मी बसलो. आणि पहिल्याच आठवड्यात लोणावळ्यात हवालदारानं काठी आडवी घातली. "ए दूधवाला! ही मोटरसायकल आहे का तोफगाडा? इथं आजारी माणसं हवा खायला येतात, तुझ्या आवाजानं त्यांची हवाच बंद व्हायची! उद्यापासनं हा आवाज बाजारात ऐकला ना, गाडी चौकीत!" मी म्हणलं, साहेब, भाऊ वारला हो. तर जरा मऊ झाला. म्हणाला, "वाईट झालं. पण गाडी अजून जिवंत आहे ना? तिचं काहीतरी कर."

म्हणून गेलो हौशीरामाकडं. आणि हौशीराम म्हणतो, आवाज कसला पाहिजे?

घरी येऊन विचारलं. हीच चूक झाली! माणसानं बैल विकताना घरी विचारावं, जमीन घेताना विचारावं, सायलेन्सर घेताना विचारू नये. आई चुलीपुढं होती. आता आमच्या आईचं सांगायचं तर, दादा गेला तरी तिची एक गोष्ट बदलली नाही. तिन्हीसांजेला चढावर गाडीचा आवाज आला की ती तवा ठेवते. भाकरी थापते. गरम भाकरी दादाला लागायची. मग मी दारात येतो. ती मान वर करून बघते आणि म्हणते, "तू व्हय?" रोज! अहो, रोज मी घरी येतो आणि रोज मी कान्हू नसतो. ह्याच्यात माझा काय गुन्हा? पण ती भाकरी खाताना दुसऱ्याचं ताट ओढल्यासारखं वाटतं, एवढं खरं.

तर आई म्हणाली, "काय बी लाव बाबा, पण आवाज त्योच ऱ्हाऊ दे. त्याचं तेवढंच ऱ्हायलंय."

झालं! गोठ्यात गेलो वैरण टाकायला, तर मागनं वहिनी. सावित्रावहिनी, दादाची बायको. कधी वर तोंड करून बोलायची नाही, ती पदर धरून उभी. "भावजी, येक सांगू? आवाजच नगं. आवाज चढाला लागला की हातातलं काम टाकून मी उठते. मला ठावं असतं तुमी येताय. तरी बी जीव दाराकडं धावतो. हे असंच चालायचं असंल तर मी भाज्याला जाते, आईकडं."

आता बघा. वहिनी भाज्याला गेली तर आमची आई दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो, लिहिता आलं असतं तर. ह्या दोघी एकमेकीला टेकून उभ्या आहेत, भाताच्या पेंढ्यांसारख्या. एक काढली की दुसरी आडवी. आणि दोघींच्या मधी कोण? मी आणि माझं नळकांडं!

सकाळी वळणावर आक्काबाई. हिची म्हैस पलीकडं कपारीत असते, सगळ्यात लांब. ती कमरेवर हात ठेवून, "गोविंद्या, ऐकलं म्या! सायलेन्सर लावतोस व्हय? आवाज चांगला दणदणीत ठिव हां! मला ऐकू न्हाई आलं तर दूध काय तुज्या मिस्त्रीच्या डोक्यावर वतू?"

एकीला तोच पाहिजे, एकीला नकोच, एकीला दणदणीत, हवालदाराला मांजरासारखा. आणि हौशीराम पान थुंकून पुन्हा, "मग? ठरलं का? आवाज कसला पाहिजे?"

मी तापलो. म्हणलं, मिस्त्री, मला आवाज कसला पाहिजे ते सांगितलं तर तुझ्याकडं आहे का तो? मला पहाटे गोधडी ओढून "उठ रं माठ्या, म्हशी तुझी वाट बघत्यात" म्हणणारा पाहिजे. आहे का खुंटीला टांगलेला? असला तर दे. म्हणशील त्या भावात दे!

हौशीरामानं कानावरची विडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानावर ठेवली. म्हणाला, "तो न्हाई माझ्याकडं. हे तीन आहेत."

तीन! एक लांबलचक, पोटात पडद्यावर पडदे, गाडीखालनं जाणारा. "ह्यानं गाडी चालू आहे का बंद, तुझं तुला कळणार न्हाई." दुसरा गावठी, पत्र्याचा, हौशीरामानंच ठोकलेला. तो वाजवून दाखवला तर डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा. आणि तिसरा आखूड, वर उचललेला, मागच्या चाकाच्या बाजूनं आभाळाकडं तोंड केलेला. काय दिसत होता! म्हणलं, हाच. ओढ्यात भिजणार नाही, दगडाला लागणार नाही, आवाज ना मोठा ना बारका, घरच्या दोघींच्या बरोबर मधला. हौशीराम म्हणायला लागला, "अरे, पण कॅन..." मी म्हणलं, कॅनबिन काही नाही, बसव! माझा स्वभावच तसा. विचार नंतर येतो, तोपर्यंत मी जाऊन आलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन हॉटेलात गेलो. मालकानं कॅन उघडला. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा आत बघितलं. "गोविंदा, हे चहात घालू का सुरीनं कापू?"

सायलेन्सर वर आला की कुठं येतो? बरोबर कॅनच्या पोटाला! वाडीपासनं लोणावळ्यापर्यंत मी चालती चूल घेऊन आलो होतो. एका कॅनातलं दूध चांगलं आणि दुसऱ्यातलं फाटून चोथा. आणि संध्याकाळी घरी गेलो तर आई दारात काठी घेऊन उभी. "कोण हाय? ही कुणाची गाडी?" म्हणलं, आये, मीच! मधला आवाज घेतला ना, तो कुणाचाच निघाला नाही. भाकरी नाही, तवा नाही. आणि वहिनी? वहिनीचं गाठोडं चौकटीपाशी. "भावजी, ह्यो बी गाडीचाच आवाज हाय की. माजं मन काय सायलेन्सर बघून ऱ्हातंय?"

वहिनीला एक दिवस थांबवलं, पण रातोरात तर काही करता येत नाही. सकाळी पुन्हा हौशीराम. तो दुरूनच हात वर करून, "काही बोलू नको. वास आला मला दुधाचा. आता तरी सांग, आवाज कसला..." म्हणलं, नको. कसलाच नको. तो लांबडा लाव.

लावला. आणि तुम्हाला सांगतो, खरंच काही ऐकू येईना! दोनदा मी गाडी चालू असताना पुन्हा किक मारली. हवालदारानं सलाम केला. मी म्हणलं, सुटलो! गोविंदा, सुटलास तू!

संध्याकाळी घरी गेलो. गुपचूप. दारात उभा राहिलो. आई चुलीपुढं बसलेली, काठवटीत पीठ, बाजूला पाण्याचा तांब्या, तवा भिंतीला टेकवलेला. तिला माझी चाहूलच नाही. म्हणलं, आये, वाढ ना. तिनं माझ्याकडं बघितलं. आज "तू व्हय" म्हणाली नाही. म्हणाली, "थांब जरा. कान्हूची गाडी येऊ दे."

मी भिंतीला टेकून बसलो. वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, निवडलेलेच पुन्हा निवडत होती. ती माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं बघेना. आई बसून. पीठ तसंच. वाट बघत. आवाज येत होता तेव्हा तिचं बघणं संपायचं तरी! मी दारात यायचो, तिचा विरस व्हायचा, पण संपायचं. आता आवाजच नाही तर संपणार कसं? शेवटी वहिनीनंच उठून भाकऱ्या थापल्या. मला वाढताना हळूच म्हणाली, "आवाज होता तेच बरं व्हतं की वो, भावजी." आता हिला काय म्हणावं! पण रडत होती, म्हणून भाकरी मोडून खायला लागलो.

बरं, दूध तरी? वळणावर पोचलो तर चिटपाखरू नाही. आक्काबाई नाही, चरवी नाही. भोंगा वाजवावा तर भोंग्याच्या जागी नुसतं भोक. ओरडलो, "आक्काबाईऽऽ, दूऽऽध!" आता आमच्या मावळात डोंगरावर दिवसभर कुणी ना कुणी ओरडतच असतं, कुणी म्हशीला, कुणी शेळीला, कुणी बायकोला. ओरडण्याकडं लक्ष कोण देतो? उभा आहे, ऊन चढतंय, बाकीच्यांचं दूध कॅनात घुसळतंय, आणि माझी गाडी पायाखाली मांजरासारखी गुरगुरतेय. डोकं असं फिरलं माझं! आणि काय सुचलं कुणास ठाऊक, दोन्ही हातांचा भोंगा केला आणि तोंडानंच सुरू केलं. फट्... फट्... फटफटफटफट!

कपारीतनं डोकं वर आलं. "काय रं! मिरची लागली का?"

"दूध आणा दूध!"

"आगं बाई, ही तर तोंडानं वाजतीया!" आणि चरवी घेऊन हसत खाली. झालं, त्या दिवसापासनं हेच. खिंडीत फटफट, वळणावर फटफट, औंढ्यात फटफट, पोरासोरांसारखं. बाया चरव्या घेऊन हजर. बाजार आला की तोंड बंद. हवालदाराला गाडी चौकीत नेता येते, माझं तोंड कसं नेणार?

आणि त्याच संध्याकाळी, दिवसभराची सवय हो, घराच्या चढाला लागलो तरी तोंड चालूच. फट्, फट्, फट्... दारापाशी आलो तर आतनं आईचा आवाज, "सावित्रे, कसला गं आवाज ह्यो?"

वहिनी म्हणाली, "भावजी हायेत आत्याबाई. तोंडानं गाडी वाजवत्यात." आणि तुम्हाला सांगतो, हसली. पदर तोंडाला लावला असणार, पण फुटलंच हसू बाहेर. दादा गेल्यापासनं त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

आई म्हणाली, "मेल्याला वाजवता बी येत न्हाई धड! कान्हूची गाडी घोगरी व्हती. ही तर बकरी शिंकतीया." मग काठवट सरकल्याचा आवाज. "तवा ठिव गं सावित्रे. गोविंदा आलाय."

गोविंदा आलाय!

मी दारातच. आत जावं, का पुन्हा खाली उतरून परत एकदा चढून यावं, काही कळेना. वहिनीनं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकली होती, तेवढी दिसली. भाकरी अशी गरम की बोटं भाजली.

पण आता अडकलो ना! कायमचा अडकलो. ताप असो, खोकला असो, वाजवल्याशिवाय दूध नाही आणि वाजवल्याशिवाय घर नाही. परवा चढाला गाडी बंद पडली. खाली उतरून ढकलायला लागलो, आणि ढकलता ढकलता तोंडानं फटफट. दम असा लागलेला की एक फट् म्हणलं की पुढचं फट् दोन पावलांनी. वरनं निवृत्तीआबा येत होते, आमच्या वाडीतले सगळ्यात म्हातारे. वाटेत उभे राहिले, काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. मग म्हणाले, "गोविंदा, लेका, बंद पडलेल्या गाडीला तरी गप बसू दे की!"

म्हणलं, आबा, हसू नका, मागनं हात लावा. गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते... तोंड बंद पडलं तर घरात तवा चढत नाही!