गोधडीतला पंखा

बारामतीहून वालचंदनगरला निघालेल्या एसटीत यशोदाबाईंच्या पुढच्याच बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दोघांच्या मांड्यांवर गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी आडवं होतं. कंडक्टर तिथंच अडला.

"चाचा, गोधडीत काय हाय?"

"पंखा."

"छताचा? मग तिसरं पातं कुठं हाय?"

"ह्याला दोनच असत्यात. इमानाचा हाय."

"कुणाच्या इमानाचा?"

"माझ्याच. कळंबला शेडात हुबं हाय. आठवं."

"आठवं! आन आदली सात?"

"चार उडालीच न्हाईत. दोन उडाली आन उसात उतरली. सातव्यानं मातर कालव्यावरनं तीन फेऱ्या मारल्या."

"मग आठवं कशापायी?"

"ते तुझ्या चाचीला इचार."

"मी काय सांगू, बाबा? चाळीस वर्सं शेडाच्या दारात हुबी ऱ्हाऊन वर बघतीया. ह्ये खाली आले की इचारायचे, 'जरिना, कसं दिसलं?' मी म्हनायची, घारीवानी. औंदा म्हनलं, आता वरनं आपलं घर कसं दिसतं ते मला दावा."

"म्हंजी चाची..."

"आठव्याला दोन जागा हायत," चाचा म्हणाले. "हिला काट्यावर हुबं केलं, सत्तेचाळीस किलो भरली. तेवढा पंखा लांब करून घेतला."

"कवा उडनार?"

"शुक्रवारी, नमाज झाल्यावर."

"मग शेडाच्या दारात कोन हुबं ऱ्हानार?"

यशोदाबाईंचा थांबा मागं गेला, तरी त्या उठल्या नाहीत.

"शुक्रवारी माझी सुट्टी हाय," कंडक्टर म्हणाला. "मी येतो."