वास नसलेली गोडी

नाही हो दादा, कीड नाही, पानांखाली बघून झालंय माझं — तरी बघा, तुम्ही नर्सरीवाले, तुमची नजर वेगळी. पाणी? एक दिवसाआड. ऊन? सकाळचं, कोवळं. आणि तरी फूल उमललं की दुसऱ्या दिवशी काळं! तुम्हीच म्हणालात ना, ताई, हायब्रीड न्या, वाटीएवढं फूल येईल — आलं की, वाटीएवढंच आलं! पण वास? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ह्याच जातीचं जुनं झुडूप होतं इथे, पायरीपाशी, फूल हे एवढुस्सं, पण ऊन तापलं की पिकल्या फळांचा वास थेट आतल्या खोलीत. गोडीच म्हणायचो आम्ही त्याला. पाइप टाकायला खणलं, मुळं तुटली, वाळलं.

वासाचं एवढं काय? अहो, आमचे हे — हे सगळं विसरलेत. लेक, भाऊ, बाथरूम कुठे ते. मी? मी 'अहो बाई'! उभा संसार 'अगं'वर झाला माझा, आणि आता 'अहो बाई, तुम्ही दमला असाल, बसा' — इतकं अदबीनं, की रडू येतं. पण गोडीचा वास आला ना, की मान वर करायचे — 'अगं, फुललं बघ!' तेवढंच. तेवढ्यावर दिवस निघायचा माझा.

बोटं का हुंगताय? ... बरं, असू दे. इसेन्स आहे. स्ट्रॉबेरीचा, केकमध्ये घालतात तो. आधी थेंबभरच घातला, फूल नेऊन हातात दिलं — आणि म्हणाले हो, 'अगं' म्हणाले! मग रोजच. मग थेंबानं भागेना, मग — ओतते. त्यानंच जळतात ना फुलं? कळतं मला, वेडी नाही मी. कापसावर? केलं तेही, 'औषध नको' म्हणून ढकलला. फूलच लागतं. म्हणून तर बोलावलं तुम्हाला — काहीतरी असेल ना, वास धरायचं खत, औषध? लगेच मान हलवू नका! जरा विचार तरी करा... नाहीच? मग इसेन्स बंद करा म्हणून सांगू नका मला. ही एक कळी उरलीय, ही उद्या —

थांबा. हाक मारली. ऐकलंत? ... 'अहो'च.

जा तुम्ही दादा. आणि फाटकाची कडी आठवणीनं घाला — उघडं दिसलं की निघतात हे, बायको घरी वाट बघत असेल म्हणतात.