कंपनीची बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे केंद्रप्रमुख. वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे सोमवारपासूनचे माझे साहेब. वृत्तविभागातली माझी माणसं, आणि मागे दाराशी चहाची वाट बघत उभे असलेले तंत्रज्ञ बंधू, सर्वांना नमस्कार.

रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईनं रंगाच्या कारखान्याची जनसंपर्क अधिकारी व्हायचं, आणि निरोपाला दोन्ही साहेब शेजारी शेजारी! अध्यक्ष म्हणाले, "अगं, पाठवणीला सासरची माणसं हवीतच." मग काय बोलणार? हसले. हल्ली मला हसणं बरं जमतं.

पहाटेची बातमीपत्रं माझी, घरी आई रेडिओवर ऐकते ती. पण आई आता पलंगावरून उठत नाही, तिला पहाटे एकटं टाकून यायचं कसं? कारखान्याची वेळ दहाची, आणि राहायला घर आवारातच. आईला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं गं. पण मग सकाळ झाली हे मला कोण सांगणार?" तिच्या खोलीत घड्याळ आहे हो. तरी असं म्हणाली.

ही नोकरी चालून आली ती एका मुलाखतीनंतर. कारखान्याचं पाणी सुटतं त्या मागच्या ओढ्यावर धुणं धुणाऱ्या मावशींची मुलाखत. मी विचारलं, "मावशी, हातांना काय झालं?" मावशी बोलल्याच नाहीत. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग म्हणाल्या, "तुम्हीच बघा की." आमचे संपादक, आम्हा सगळ्यांचे दादा, एरवी रेकॉर्डिंगमधून माणसाचा श्वाससुद्धा कापतात. ती शांतता मात्र त्यांनी तशीच ठेवली. आणि मुलाखत लागायच्या आधीच, आठवड्याभरात साहेबांचा मला फोन आला. योगायोग असेल.

मुलाखत सोमवारी संध्याकाळी लागणार. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बातमी लावण्याआधी समोरच्याला फोन करायचा, त्याची बाजू रेकॉर्ड करून घ्यायची. म्हणजे सोमवारी दादा कारखान्यात फोन करणार, आणि तो उचलणार कोण? मीच की! प्रश्न माझा, आणि उत्तरही मीच द्यायचं. साहेबांनी ते कालच टाइप करून हातात दिलंय: 'आरोपांत तथ्य नाही.' छान सुटसुटीत आहे, साहेब. वाचायला अगदी सोपं.

खरं सांगू? मावशींचे हात मी जवळून पाहिलेत. आणि आईचं अंथरूण रोज मीच बदलते. यातलं काय सोडू, सांगा ना कुणीतरी? अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे बघू नका, आवरतेच.

तुम्ही सगळ्यांनी मला बोलायला शिकवलंत, माझ्या चुका निस्तरल्यात, मनापासून आभार. आज काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. साहेब, तुम्ही जरा जास्तच घाला.

आणि दादा, सोमवारी मी तो कागद वाचीन. वाचावाच लागेल. पण तुमच्या प्रश्नानंतर मी थोडा वेळ काहीच बोलले नाही, तर तेवढं कापू नका.