खंडेनवमीचा लॅपटॉप

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न. समोरचं दिसेनासं झालं, म्हणजे ते संपलं का? आणि संपलं, हे ठरवायचं कुणी? — उत्तर मी देत नाही. तेवढा धीर नाही माझ्यात! गोष्टच काय ते सांगेल. यंत्राची गोष्ट आहे. चुकलो तर मागे बसलेल्या इंजिनीयर मंडळींनी हात वर करावा. हळूच हं!

तर ऐका. संगमेश्वरला शेट्ये यांचं घर. सून मृणाल. तालुक्यातल्या विहिरींवर तिचा प्रबंध. उन्हातान्हात गावोगाव फिरून केलेले नकाशे, सगळे एका लॅपटॉपमध्ये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठात तोंडी परीक्षा. आणि नकाशांची दुसरी प्रत? — नाही! हसताय काय? तुमच्याकडे तरी आहे का?

खंडेनवमीला सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, पाट मांडला. विळी, कोयता, करवत — आणि मधोमध लॅपटॉप! म्हणाल्या, "माझ्या सुनेचं शस्त्र आहे ते!" केवढं कौतुक! झाकण उघडलं, बटणांवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, तुळशीच्या पानानं पाणी शिंपडलं — आणि झाकण दाबून मिटलं. वर झेंडूचा हार!

दसऱ्याची सकाळ. मृणालनं बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच!

तिचा नवरा श्रीरंग लांबूनच म्हणाला, "गेला! आई, तू त्याला तुळशीपत्रानं पाणी पाजलंस, मग काय होणार?"

"मेल्या, गप्प बस!" यमुनाबाई मटकन खाली बसल्या. "मृणाल, तुझ्या कष्टांचं मी वाटोळं केलं गं!"

मृणाल रडली का? रडली, मंडळी! खोटं कशाला सांगू? पण रडता रडता तिनं कान लावला. आत पंखा फिरत होता!

"आई, टॉर्च धरा."

"नको बाई, माझा हात नको लागायला त्याला!"

"तुमचाच लागू दे. मला पडदा बघायचाय."

सासूनं टॉर्च तिरका धरला — आणि त्या काळ्या पडद्यावर पुसट पुसट अक्षरं! पडद्यामागचा उजेड तेवढा गेला होता. यंत्र जागं होतं! मृणालनं वायरनं ते टीव्हीला जोडलं. टीव्ही लख्ख!

पण त्यावर लिहिलेलं काय? 'हार्ड डिस्क सापडत नाही.' अरे देवा! पडदा म्हणजे तोंड, डिस्क म्हणजे आठवण. तोंड उघडलं, आणि आठवणच नाही!

श्रीरंग म्हणाला, "आता तरी सोड. पुढची तारीख माग."

"उघडून न बघता? नाही!"

लॅपटॉप बंद केला, वायर काढली, बॅटरी काढली, खालचं झाकण सोडवलं. बिजागरीत अक्षतेचा दाणा, त्यानं पडद्याची तार चेपलेली. आणि डिस्कच्या जोडाच्या बारीक दातांवर काय? — कुंकू! ओलं होऊन घट्ट बसलेलं!

"आई," मृणाल हसली हो, हसली! "पूजा फारच आतपर्यंत पोचली!"

यमुनाबाई उठल्या. पदर खोचला. "मी वाहिलं ना? मग मीच पुसते." काडीला कापूस वळला, जखमेला लावतात ते स्पिरिट घेतलं, आणि एकेक दात पुसला. हात जराही हलला नाही! डिस्क सुकवली, बसवली, बॅटरी लावली, टीव्हीची वायर जोडली, बटण दाबलं —

टीव्हीवर नकाशा! निळे ठिपके, विहिरीच विहिरी! यमुनाबाई ओरडल्या, "अगं, ही माझ्या माहेरची विहीर!" मृणाल म्हणाली, "आधी प्रत काढू, मग माहेरी जाऊ!" आणि परीक्षेत त्या नकाशांवर परीक्षक अक्षरशः वाकून बसले!

मंडळी, "गेला" कोण म्हणालं होतं? ज्यानं हातही लावला नव्हता, तो! आणि आपण? भाऊ बोलेनासा झाला — गेला. मैत्रीण भेटेनाशी झाली — संपलं. जवळ जाऊन कान लावलात? मी आधी स्वतःलाच विचारतोय, मग तुम्हाला.

कीर्तनात फोन बंद ठेवा, असा नियम आहे. आज मोडू या. काढा फोन. ज्याला "गेला" म्हणून सोडलंत, त्याला लावा. आरती उशिरा झाली तर देव रागावणार नाही. मी थांबतो. लावा!